आधी बातमी, मग हकिकत

"हा का रडतोय?"

आईच्या मते ती हे माझ्या कानात म्हणाली. तिला ऐकू कमी येतं, त्यामुळे तिची कुजबुज तिसऱ्या रांगेतून थेट रंगमंचावर पोचली. नटानं क्षणभर वर पाहिलं आणि पुढच्या ओळीला गळा पुन्हा दाटून आणला.

गेल्या रविवारी पुण्यात टिळक रस्त्याजवळच्या एका छोट्या सभागृहात सैनिकांच्या पत्रांचं अभिवाचन होतं. दोन स्टँड, दोन दिवे, मागे सारंगी. पत्र वाईट नव्हतं, उलट फार चांगलं होतं. सीमेवरच्या एका पोरानं आईला कळवलं होतं की तू विणलेले हातमोजे मिळाले, दोन्ही डाव्या हाताचे निघाले, पण इथे थंडीच अशी आहे की कुणी हसलं नाही. ह्या ओळीवर ऐकणाऱ्यानं आधी हसायला हवं, आणि मग त्याचं त्यालाच कळायला हवं की आपण कशावर हसलो. पण नटानं आधीच हुंदका देऊन टाकला. आमच्यासाठी काही शिल्लकच ठेवलं नाही.

मध्यंतरात बटाटेवडा खाताना आई म्हणाली, "त्यापेक्षा तू बरं वाचतेस. सपाट."

एवढी स्तुती तिनं माझ्या लग्नातही केली नव्हती.

हे सपाट वाचणं मी आप्पा बळवंत चौकाजवळच्या एका छापखान्यात शिकले. मुद्रितशोधक म्हणून लागले, पण पहिली चार वर्षं कॉपीहोल्डर होते. म्हणजे मूळ हस्तलिखित मी मोठ्यानं वाचायचं आणि समोरच्या बाईंनी गॅलीवर, म्हणजे छापून आलेल्या कच्च्या प्रुफावर, नजर ठेवून चुका धरायच्या. वाचायचं ते विरामचिन्हांसकट. "आई गेली पूर्णविराम नवा परिच्छेद दुसऱ्या दिवशी स्वल्पविराम..." आवाज चढवायचा नाही, पाडायचा नाही. सूर लागला की समोरचीचं लक्ष अक्षरावरून अर्थावर जातं, आणि 'दिन'चा 'दीन' होऊन छापून निघतो. पहिल्याच वर्षी एका बाईंचं आत्मचरित्र आलं होतं. नवरा वारल्याचं प्रकरण मी असंच वाचलं, स्वल्पविराम, अर्धविराम सगळं म्हणत. संपल्यावर पाहते तर समोरच्या बाई पेन्सिल बाजूला ठेवून पदरानं डोळे टिपत होत्या. त्या फर्म्यात, म्हणजे छापायच्या तावात, दोन चुका तशाच राहिल्या आणि मालकांनी दोघींनाही बोलून घेतलं. मी तर नीट सपाट वाचलं होतं! माझं काय चुकलं, हे मला पुष्कळ वर्षांनी कळलं. काही चुकलं नव्हतं.

आईला आता वाचता येत नाही. मॅक्युलर डीजनरेशन. कडेचं दिसतं, मधलं जातं. दारात कुणी आलंय हे कळतं, तोंड दिसत नाही. पुस्तक धरलं तर समास दिसतो आणि मजकुराच्या जागी धूसर डाग. म्हणून चारचा चहा झाला की मी वाचते. पेपर, दिवाळी अंकातली कथा, कधी महाभारत. आणि महिन्यातून एकदा, ती सांगेल त्या दिवशी, मामाची पत्रं.

आमच्या आजोळी १२ जुलै १९६१ च्या आधीचा कागद नाही. पानशेतचं धरण फुटलं तेव्हा आजोबांचं बिऱ्हाड नारायण पेठेत, नदीच्या अंगाला होतं. भांडी सापडली, जातं सापडलं, कागद गेले. मामाचा मॅट्रिकचा ग्रूप फोटो तेवढा चिखलातून निघाला. खालच्या दोन रांगा धुऊन गेल्यात, वरच्या रांगेत डावीकडून तिसरा तो. मामा तेव्हा सैन्यात होता, सिग्नल्समध्ये, म्हणजे संदेशवहनाच्या कामावर. पुरानंतरची त्याची चौदा निळी आंतरदेशीय पत्रं आईच्या पत्र्याच्या डब्यात आहेत. शेवटचं ऑक्टोबर १९६२ चं, नेफामधून, म्हणजे आताच्या अरुणाचल प्रदेशातून. त्यात लढाईबद्दल चकार शब्द नाही. पूरग्रस्तांच्या खोलीवर पत्रा कुठला घातलाय, पाऊस आत येतो का, बाबांचा खोकला कसा आहे, एवढंच. लढाई २० ऑक्टोबरला सुरू झाली आणि २१ नोव्हेंबरला चीननं ती एकतर्फी थांबवली. महिनाभराचा मामला.

तार आली डिसेंबरात. पत्ता नारायण पेठेचाच होता, कारण मामानं सैन्याच्या कागदांत तो बदललाच नव्हता. तारवाला आधी पडक्या वाड्यापाशी गेला, तिथून विचारत विचारत पूरग्रस्तांच्या वसाहतीत आला. तार इंग्रजीत. आजोबा भुसार दुकानात दिवाणजी, मोडी लिपी झरझर लिहायचे, पण इंग्रजी येत नव्हतं. शेजारच्या खोलीतल्या गुरुजींना बोलावलं. आई तेव्हा तेरा वर्षांची. ती सांगते, गुरुजींनी तार आधी मनात वाचली, मग मोठ्यानं इंग्रजीत, मग मराठीत. मराठीत म्हणाले, "बेपत्ता. मृत असावा असं समजतात."

आजीनं विचारलं, "समजतात म्हणजे कोण?"

गुरुजींना उत्तर देता आलं नाही. मूळ इंग्रजी वाक्यातच कर्ता नव्हता.

त्या लढाईचे सरकारी आकडे पाहिले तर ठार १,३८३ आणि बेपत्ता १,६९६. ठार झालेल्यांपेक्षा बेपत्ता जास्त. बर्फ, जंगल, माघार, तुटलेल्या तारा. जो तारा जोडायला गेला होता त्याची खबर तारेनंच आली, हे आई कधी बोलत नाही. मीच एकदा बोलले आणि जीभ चावली.

मामी तेव्हा एकवीस वर्षांची होती. मामींनी कुंकू पुसलं नाही. निवृत्तिवेतनाच्या कागदावर 'विधवा' असं छापलेलं होतं, तिथे त्यांनी मुकाट्यानं सही केली. आजोबांनी भीतभीत विचारलं, तर म्हणाल्या, "सहीला माझी हरकत नाही. कपाळाला आहे." बालवाडीत शिकवलं, निवृत्त झाल्या, २००४ मध्ये गेल्या. शेवटच्या दिवशीही कुंकू होतं. नंतरची सगळी वर्षं त्या सदाशिव पेठेत राहिल्या, म्हणजे ज्या भाऊसाहेबांच्या नावाची ती पेठ, ते स्वतः पानिपताहून परतले नाहीत आणि त्यांच्या बायकोनं, पार्वतीबाईंनी, ते गेले हे मानलंच नाही. पुढे सदाशिवरावभाऊ म्हणून तोतया उभा राहिला, त्यानं बंड केलं, १७७६ मध्ये त्याला मारलं. न. चिं. केळकरांनी त्यावर नाटकही लिहिलं. तोतयाला पाठिंबा देणारे मूर्ख होते असं शाळेत शिकवतात. मला नाही तसं वाटत. पंधरा वर्षं दाराकडे बघत बसलेल्या शहराला कुणीतरी येऊन म्हणालं, मीच तो. लोक फसले नसते तरच नवल!

पानिपताची खबर कशी आली ते तर आपल्याला पाठच आहे. दोन मोती गळाले, सत्तावीस मोहरा हरवल्या, रुपये-खुर्दा किती गेला त्याची गणती नाही. उत्तरेकडे निघालेल्या नानासाहेब पेशव्यांच्या हाती सावकारी चिठ्ठी लागली, तीत पडलेल्या माणसांबद्दल हिशेबाच्या भाषेत हे लिहिलेलं. त्यांनी ते वाचलं आणि पाच महिन्यांनी, २३ जून १७६१ ला, पर्वतीवर देह ठेवला. मधल्या काळात ते काय विचारत असतील? मोती कसे गळाले. कुठे. जवळ कोण होतं. बखरी लिहिल्या गेल्या त्या ह्या प्रश्नांपोटी. चिठ्ठी एका ओळीची, बखर शंभर पानांची.

महाभारत वाचताना मला हे पहिल्यांदा नीट दिसलं. संजय म्हणजे पहिला समालोचक, धृतराष्ट्राला युद्धाचं थेट प्रक्षेपण ऐकवणारा, असं आपण गमतीनं म्हणतो. भीष्मपर्व उघडून पाहा. संजय रणातून येतो आणि आल्या आल्या सांगतो की भीष्म पडले. दहा दिवसांची लढाई होऊन गेलेली आहे. आंधळा राजा आधी कोसळतो, आणि मग विचारायला लागतो. कसे पडले? पुढे कोण होतं? मागे कोण होतं? माझी पोरं तेव्हा काय करत होती? त्यानंतर कुठे संजय पहिल्या दिवसापासून सुरुवात करतो. गीतासुद्धा त्यानंतर येते. म्हणजे अर्जुनाला लढ म्हणून सांगितलं जातं तेव्हा भीष्म पडलेत हे ऐकणाऱ्याला आधीच ठाऊक आहे. द्रोण, कर्ण, शल्य, प्रत्येकाच्या वेळी हेच. आधी तार, मग हकिकत.

मी हे आईला सांगितलं तर ती म्हणाली, "मग? आमच्याकडे दुसरं काय झालं?"

माझी लेक हिंजवडीला नोकरी करते आणि कॉलेजपासून नाटकवेडी आहे. तिनं ह्यावर मला एक जुनं ग्रीक नाटक आणून दिलं, एस्किलसचं, ख्रिस्तपूर्व ४७२ मधलं. इराणी सैन्य ग्रीसवर चालून गेलंय आणि नाटक घडतं इराणच्या राजवाड्यात. रंगमंचावर एकही तलवार नाही. दूत येतो, सगळं सैन्य बुडालं हे एका दमात सांगतो, आणि मग पुढे नावं, जागा, होड्या. गंमत म्हणजे लिहिणारा स्वतः मॅरेथॉनला ह्याच इराण्यांशी लढलेला. शत्रूच्या राजमातेला त्यानं रंगमंचावर बसवलं आणि अथेन्सच्या लोकांना तिचं दुःख ऐकायला लावलं. मी ते आईला दोन दिवसांत वाचून दाखवलं. दूताचं बोलणं झाल्यावर तिनं मला थांबवलं. "राणी काय म्हणाली?"

"आधी गप्प बसली. मग विचारलं, कोण कोण जिवंत आहे."

"बरोबर आहे," आई म्हणाली, जणू तिच्याकडूनच ते तपासून घ्यायचं होतं.

मला खरं बोलायचंय ते स्त्रीपर्वाबद्दल. अठरा पर्वांतलं अकरावं, अगदी आटोपशीर, आणि कीर्तनकार सहसा तिथे रेंगाळत नाहीत. लढाई संपलीय. व्यासांच्या वरानं गांधारीला दूरवरचं दिसतं. डोळ्यांवर पट्टी असलेली ती बाई कृष्णाला सगळं रणांगण दाखवत जाते. हे बघ, ते बघ. ज्याला दिसतं त्याला, जिला दिसत नाही ती वाचून दाखवतेय. एका जागी बायका प्रेतं शोधताहेत. एक मस्तक उचलून एका धडाला लावून बघतात, आणि मग कळतं की हे ह्याचं नव्हे. मी आयुष्यभर चुकीच्या ओळीला चुकीचा शब्द लागलेला पकडत आले. ही ओळ वाचताना माझा आवाज सपाट राहिला नाही. आईच्या ते लक्षात आलं, पण ती काही बोलली नाही.

शेवटी धृतराष्ट्र युधिष्ठिराला विचारतो, किती मेले? युधिष्ठिर कोटींचे आकडे सांगतो, आणि मग आणखी एक आकडा. 'अलक्ष्य' वीर, चोवीस हजार एकशे पासष्ट. अलक्ष्य म्हणजे जे दिसले नाहीत. बेपत्ता. कोटींचे आकडे ठोकळ आहेत, हा मात्र पासष्टपर्यंत मोजलेला. जुन्या इंग्रजी भाषांतरात ह्या शब्दाचा अर्थ 'निसटून गेलेले' असा घेतलाय. ते वाचून माझ्या अंगावर काटा आला, कारण वसाहतीत मामींच्या मागे हेच बोललं जायचं. "पळाला असेल हो. तिकडेच बायको केली असेल." एकाच शब्दाचे दोन अर्थ, आणि कुठला लावायचा हे शेजारीपाजारी ठरवणार.

महाभारताची संशोधित आवृत्ती आपल्याच गावात झाली, भांडारकर संस्थेत. १९१९ ला काम सुरू, १९६६ ला पूर्ण, १,२५९ हस्तलिखितं तपासून. आमच्या धंद्यातल्या कुणालाही ते काम बघून हात जोडावेसे वाटतील. मोठाल्या कागदांवर चौकटी आखून एकेका चौकटीत एकेक अक्षर, वर एका पोथीचं, खाली दुसरीचं, तिसरीचं. आणि पाठाची खात्री नसेल तिथे संपादक शब्द गाळत नाहीत, दडपून छापतही नाहीत. शब्द ठेवतात आणि त्याच्या खाली नागमोडी रेघ काढतात. पहिल्यांदा ती रेघ पाहिली तेव्हा मला मामींचं कुंकू आठवलं.

लढाया आताही चालूच आहेत. फोनवर रोज कुठलीतरी इमारत कोसळते, आणि मी चहा ढवळत असते. बातमी पूर्वीपेक्षा लवकर येते, आठवडे लागत नाहीत. पण ती पचायच्या आत दुसरी येते, आणि 'कसं झालं, जवळ कोण होतं' हे विचारायला कुणी थांबत नाही. ते विचारायला लागतं एखादं नाटक, एखादं जाड पुस्तक, तेही दहा-वीस वर्षांनी. म्हणून वाचन संपत चाललंय अशी ओरड ऐकली की मला कागदाची काळजी वाटत नाही. हकिकत मागणारे उरतील का, ह्याची वाटते. (फर्ग्युसनच्या मैदानावरच्या पुस्तक महोत्सवातली गर्दी बघून ती थोडी कमी झाली होती. पण त्या गर्दीतले निम्मे सेल्फी काढत होते. असो.)

लेकीनं मध्यंतरी मामाची पत्रं टाइप करून फोनमध्ये घातली, म्हणजे मी घरी नसले तरी आजीला ऐकता येतील. फोनमधली बाई माझ्यापेक्षा सपाट. मला वाटलं, आता माझी नोकरी गेली. पहिलं पत्र सुरू झालं. 'ति. बाबांस शि. सा. न. वि. वि.' हे तिनं वाचलं, "ती बाबांस, शी, सा, न, वी, वी." आई हसून हसून खोकायला लागली. 'ता. क.' आला तर बाई म्हणाली, "ताक." मामाच्या पत्रातलं ताक! तेव्हापासून आमच्याकडे राहून गेलेलं काही सांगायचं असेल तर ताक म्हणतात.

पण आईला ती बाई आवडते, हेही खरं. ती दमत नाही, तिला कुकर बंद करायला उठावं लागत नाही. अडचण एवढीच की आई मधेच बोलते. "थांब, तेव्हा तो कुठे होता?" बाई थांबत नाही. धृतराष्ट्र पानापानावर संजयाला अडवतो, आणि संजय प्रत्येक वेळी थांबतो. फोनमधली बाई आईला झोप लागल्यावरही तीन पत्रं पुढे वाचत गेली.

ह्या लेकीनंच सदाशिव पेठेत इतिहास संशोधक मंडळाच्या मोडीच्या वर्गाला नाव घातलं. दिवसभर संगणक आणि शनिवारी मोडी! मी विचारलं, कशाला? म्हणाली, "पणजोबांचं अक्षर घरात कुणालाच येत नाही, हे विचित्र नाही का?" डब्यात तारेच्या मागच्या बाजूला आजोबांनी शाईनं दीड ओळ लिहिलेली होती. ती आम्ही साठ वर्षं नुसती बघत होतो. आजीला वाटायचं, काहीतरी प्रार्थना असेल. आईला वाटायचं, त्यांनी मामासाठी काही लिहून ठेवलंय. मोडी जाणणाऱ्या कुणाला ती दाखवावी असं मनात अनेकदा आलं, पण दाखवली नाही. घरातली गोष्ट.

परवा संध्याकाळी लेक भिंग घेऊन बसली. मोडीत शब्द सुटे नसतात, सगळी ओळ एका दोरीला टांगलेली, आणि ऱ्हस्व-दीर्घ भेद नाही. मोडी टिकली असती तर माझ्यासारख्यांचा धंदा कधीच बसला असता. ती एकेक अक्षर उचलून म्हणत होती, चुकत होती, मागे येत होती. मी कागदावर उतरवून घेत होते. कितीतरी वर्षांनी कुणीतरी माझ्यासमोर कॉपीहोल्डर होऊन बसलं होतं.

"मार्गशीर्ष... शके १८८४... मग... ता... र..."

आईनं चहाचा कप खाली ठेवला.

"तारवाल्यास चार आणे."

"पुढे?"

"पुढे काही नाही. एवढंच आहे."

आजोबांनी खर्च टिपून ठेवला होता. पंखा फिरत होता, लेक भिंग तसंच धरून बसली होती. मला वाटलं, आई हिरमुसली असेल. साठ वर्षांची प्रार्थना अशी चार आण्यांत निघाली.

"नारायण पेठेपासून हुडकत आला होता बिचारा," आई म्हणाली. "घामाघूम झाला होता. आईनं गूळ-पाणी दिलं त्याला."

मी विचारलं, "हे चार आणे तार वाचून झाल्यावर दिले, की आधी?"

"आधीच," आई म्हणाली. "गुरुजी यायचे होते ना अजून."